राखणदाराच्या दगडावरचा प्लग

मथुरावयनींच्या बाराव्याला, पानं वाढून होईपर्यंत पंगत जी रिकामी बसून असते, त्या वेळात त्यांच्या धाकट्या दिराने, बापूने, ती गोष्ट पुन्हा सांगितली. एका पौषात बागेत फवारणी चालू असताना त्याचा पंप कसा बिघडला, आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्याची कीड कशी घोंगावत होती, दुसरा प्लग देवगडच्या बाजारात मिळेल याची कशी खात्री नव्हती, आणि नेमक्या त्या वेळी बागेच्या कोपऱ्यातल्या राखणदाराच्या दगडावर एक प्लग कसा दिसला, लखलखीत पुसलेला. "राखणदारान दिल्यान," बापू म्हणाला आणि त्याने हात जोडले. पंगतीतल्या बाकीच्यांनीही जोडले.

मी जोडले नाहीत. भात कालवत राहिलो. त्या प्लगाची गोष्ट मला बापूपेक्षा जास्त माहीत आहे, कारण तो दगडावर ठेवला गेला तेव्हा मी शेजारी उभा होतो. तो मथुरावयनींनी ठेवला होता. ज्या बाईच्या नावाचं जेवण जेवायला आम्ही बसलो होतो, तिच्या हातचं काम तिच्याच बाराव्याला देवाच्या नावावर मांडलं जात होतं, आणि वर पापड वाढले जात होते.

वयनींनी मला सांगितलं होतं, कोणाकडे बोलू नका. त्या असेपर्यंत मी बोललो नाही. आता त्या नाहीत आणि बापू आहे. समोरासमोर मी त्याला अहो-जाहो करतो. लिहिताना जमत नाही.

मी देवगडच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा कुणकेश्वरच्या वाटेवरच्या या गावात बिऱ्हाड केलं. वयनींचं घर माझ्या शेजारी, मध्ये फक्त एक गडगा. गडगा म्हणजे चिऱ्यांच्या दगडांची कमरेएवढी रचलेली भिंत. तिच्यावरून उसनी साखर जाते, भांडणं जातात. वयनींचा आवाजही तिच्यावरूनच माझ्याकडे यायचा. पहिल्या सकाळी तो आला तो असा, "मास्तरानू, इंग्लीश वाचूक येता मां तुमका? मगे हय येवा."

गेलो. ओसरीवर लाकडी खोका होता, वरचं गवत उपसलेलं. आत लोखंडी चौकटीवर बसवलेलं एक छोटं इंजिन आणि त्याला जोडलेला पंप. वयनींचे यजमान आगबोटीवर इंजिनखात्यात होते. मुंबईहून त्यांनी कलमांवर फवारायला हा पंप पाठवला, पाठोपाठ यायचे होते, आणि तिकडेच तापाने गेले. खोका आधी पोचला, तार नंतर. वर्षभर तो तसाच ओसरीवर पडून होता. धाकटा दीर बापू म्हणत होता, विकून टाकूया. वयनींनी वर्ष सरल्यावर कोयत्याने खिळे उपसले.

"ह्येच्यात काय लिवलेला आसा ता सगळा वाचा," त्या म्हणाल्या. "गाळू नकात कायच."

ते माहितीपुस्तक मी त्यांना वाचून दाखवलं. मला त्यातलं अर्धं समजत नव्हतं. मी शब्द सांगायचो, त्या इंजिनाकडे बघत बसायच्या. मध्येच "थांबा" म्हणायच्या आणि बोट घालून बघायच्या. हे इंजिन नुसत्या पेट्रोलवर चालत नाही, त्यात तेल मिसळावं लागतं, कारण आतल्या दट्ट्याला तेल मिळण्याची दुसरी वाटच नाही, हे मी वाचलं तेव्हा त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे जेवणातच औषध."

खोक्यात, जुन्या मोज्यात गुंडाळलेले, इंजिनात ठिणगी पाडणारे जादा प्लगही होते. सारखे दिसणारे आणि सारखे नसलेले. पुस्तकात होतं की काही प्लग गरम जातीचे असतात, ते आपला ताप धरून ठेवतात; काही थंड जातीचे, ताप चटकन सोडून देतात. ओळखायचं कसं, तर आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या नाकावरून. लांब नाक तो गरम, आखूड नाक तो थंड. वयनींनी सगळे प्लग उन्हात धरून एकेकाच्या नाकात डोकावून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बापूभावजींचा नाक बघलात?"

बापूचं नाक लांब होतं. त्या दिवसापासून घरात बापूचं नाव गरम प्लग पडलं. अर्थात घरात म्हणजे वयनी आणि मी एवढ्यांतच.

सौभाग्य होतं तेव्हाची आरशाची फणेरपेटी त्यांच्याकडे होती. आता तिचा उपयोग नाही म्हणून जाऊबाईंनी ती मागितली होती. वयनींनी त्यात प्लग ठेवले. कुंकवाच्या खणात एक, मेणाच्या खणात एक. जाऊबाईंनी पुन्हा मागितली नाही.

त्यांच्या रागाबद्दल सांगायला हवं, कारण गावात त्यांची तेवढीच ओळख उरली आहे. "भारी तिडकीची बाई," असं बाराव्यालाही दोघं-तिघं म्हणाले. होत्याच. उकडा तांदूळ नीट शिजला नाही तर त्या तांदळावर रागवायच्या. पण तो राग फुकट जाताना मी पाहिला नाही. दर वेळी तो कशाला तरी लागायचा.

बाजारात पेट्रोल तेव्हा पिंपातून मिळायचं आणि दुकानदार त्यात रॉकेल घालायचे. मोटारवाल्यांना कळायचं, पण त्यांना घाई असायची. वयनींनी परीक्षा शोधली होती. कागदावर एक थेंब टाकायचा. पेट्रोल असेल तर वाऱ्यावर उडून जातं, कागद कोरा. रॉकेल असेल तर तेलकट कडं मागे राहतं. कागद त्या माझ्याकडून न्यायच्या, पोरांच्या उत्तरपत्रिका. म्हणायच्या, "नापास झालेल्यांचेच द्या. पास झालेल्यांचो कागद नासवाक माका बरा वाटणा नाय."

एकदा मी बाजारात त्यांच्यासोबत होतो. कागदावर कडं उमटलं. दुकानदार म्हणाला, कागदच तेलकट असेल, बाईमाणसाला यातलं काय कळतं. वयनींनी मापातल्या पेट्रोलात बोट बुडवलं आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर, मांडीवर, टेकवलं. दुकानात माणसं होती. कोणी हललं नाही.

"पेट्रोल आसात तर आता उडान जायत, शेटनू," वयनी म्हणाल्या. "आमी बसतो."

आणि बाकावर बसल्या. डाग गेला नाही. शेटने शेवटी आतल्या पिंपातलं दिलं. परतताना मी म्हटलं, तुमच्यामुळे आता सगळ्यांना चांगलं मिळेल. वयनी फटकन म्हणाल्या, "सगळ्यांका नाय. जेचा धोतर पांढरा तेकाच भय." तरी माझ्या मनात त्यांचं ते बोट अजून आहे.

त्या चुकायच्याही. पुस्तकात पेट्रोलात तेल किती घालायचं ते दिलं होतं, पण वयनींचं म्हणणं, तेलाने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही. आमटीला दोन थेंब जास्त पडले म्हणून कोणी मेलं का? मापासाठी त्यांनी करवंटीची दवली घेतली होती, आमटी वाढायची. ती भरून भरून घातली. इंजिनाने निळा धूर ओकला, खोकलं आणि बंद पडलं. प्लग काढला तर काळाकुट्ट, ओला, तव्याच्या बुडासारखा. दुसऱ्याची चूक असती तर वयनींनी वाडी डोक्यावर घेतली असती. स्वतःची होती, म्हणून दिवसभर जेवल्या नाहीत. संध्याकाळी दवलीला आतून कोयत्याने खूण केली आणि पुढे एक दिवस सोडला तर त्या खुणेवर तेल कधी चढलं नाही. प्लगाचा रंग बघणं तेव्हापासून सुरू झालं. काळा आणि ओला असेल तर तेल जास्त. पांढराफटक असेल तर इंजिन भाजतंय. नाचणीच्या भाकरीसारखा तपकिरी असेल तर सगळं जिथल्या तिथे. मला बोलावून दाखवायच्या, "बघा, कशी भाजलीहा."

आता बागेबद्दल. वर कातळावर यजमानांनी लावलेली हापूसची कलमं होती. सुरुंगाने कातळ फोडून, खड्ड्यात खालून आणलेली माती घालून लावलेली. वयनींनी लग्नानंतरचे सगळे उन्हाळे त्यांना डोक्यावरून पाणी घातलं होतं. यजमान गेल्यावर बापूने बाग व्यापाऱ्याला खंडाने देण्याचं ठरवलं. वयनी नको म्हणाल्या. शेवटी देवळात मानकऱ्यांसमोर बोलणं झालं आणि ठरलं ते असं : एक मोहोर वयनींचा. पंप त्यांचा, कष्ट त्यांचे. फळ नीट धरलं तर बाग त्यांच्या हाती राहील. मोहोर जळला तर बापूच्या हाती जाईल. हे सगळ्यांनी ऐकलं. मीही देवळाच्या पायरीवर बसून ऐकलं.

तो मोहोर असा आला की पानं दिसेनात. पण त्याच्या मागोमाग तुडतुडा. त्या वर्षांत डीडीटी हेच औषध होतं; पांढरी भुकटी पाण्यात कालवून पंपाने शेंड्यापर्यंत मारायची. वाडीतल्या बायकांनी विहिरीवरून हंडे चढवून पिंप भरलं. धाकू नावाचा जुना गडी आणि त्याचा भाऊ, दोघांनी इंजिनाची चौकट बांबूला अडकवून खांद्यावरून वर आणली. वयनींनी आदल्या दिवशी इंधन मिसळून, गाळून टाकीत भरलं होतं. प्लग कुठला लावायचा यावर त्यांनी दोन दिवस विचार केला होता. कातळावर सकाळभर इंजिन तापणार, म्हणून आखूड नाकाचा, थंड.

"जेका जास्त राबाचा आसा तेना थंडच रवाक होया," त्या मला म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "मी मातर गरम प्लग आसंय. काय करतलात?"

पहिल्या फवारणीला राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं असतं. बागेच्या कोपऱ्यात, गडग्याला लागून, त्याचा दगड आहे. नारळ ठेवायचा, दिवा लावायचा आणि देवाला मोठ्याने सांगायचं की आम्ही काम सुरू करतोय, सांभाळून घे. हे काम पुरुषाचं. विधवेने त्या दगडाजवळ जायचं नाही. नारळ मात्र वयनींच्या माडाचा चालला. विहिरीकडचा तो माड त्यांनी लग्नाच्या वर्षी लावला होता. त्याचा नारळ लहान पण गोड असे आणि बापू कोणत्याही गाऱ्हाण्याला तिथलाच पाडायचा. बापूने गाऱ्हाणं घातलं. तो बरं घालतो, हे मान्य करायला हवं.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी बाग, ही तुझी झाडा. आज तुझी लेकरा कामाक लागतत. चुकला-माकला पायाखाली घाल म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. वयनीही, लांबून, गडग्यापलीकडून.

मग बापूने जे केलं ते त्याने लपून केलं नाही. म्हणूनच मला त्याचा इतका राग येतो. दुष्टाव्याने केलं असतं तर एकदा शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. त्याने दगडापुढचा, विझून शांत झालेला दिवा उचलला, इंजिनाजवळ आला, टाकीचं झाकण उघडलं आणि दिव्यातलं तेल आत ओतलं. यंत्राला दृष्ट लागू नये म्हणून. नवी होडी पाण्यात लोटताना तिच्या पुढच्या टोकाला, नाळीला, देवाचं तेल लावतात, तसं. बायकांनी नमस्कार केले. वयनी पाण्याच्या पिंपाशी औषध कालवत होत्या. त्यांची पाठ होती. मी पाहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ते इतकं ओळखीचं होतं.

दिव्यातलं तेल म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्यात काजळी असते, वातीचे धागे असतात, आणि पौषातल्या सकाळी खोबरेल निवलं की लगेच थिजतं.

वयनींनी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. पहिली कलमं झाली. मग आवाज हळूहळू कोरडा होत गेला. तापलेल्या वाळूत चणे फुटावेत तसा. वयनी धावत आल्या, पण बंद करेपर्यंत एक करकर झाली आणि दट्ट्या आत जागच्या जागी बसला. दोरी हलेना.

बागेत इतकं शांत झालं की तुडतुड्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

बापू म्हणाला, तो इशारा होता. राखणदाराला पटलेलं नाही. विधवा बाईने दोरीला हात लावला. "मी सांगा होतंय," तो म्हणाला. आणि बायका, ज्यांनी वयनींसाठी हंडे वाहिले होते त्या, एकेक करून मागे सरकल्या.

वयनींनी प्लग काढला. पांढराफटक, कडेला फोड आलेले. त्यांनी तो हातावर घेऊन बघितला आणि मोठ्याने, जणू प्लगाशीच बोलत, म्हणाल्या की हा भाजलाय. थंड प्लग लावूनही भाजलाय. म्हणजे इंजिन उपाशी आहे, खाली पेट्रोल येत नाही. नळी सोडवली. नळीच्या तोंडाशी, बारीक जाळीवर, थिजलेल्या तेलात वातीचे काळे धागे गुंतून बसले होते.

त्यांनी ते नखाने उचलले आणि बापूसमोर धरले.

"ह्या कोणाचा?"

"देवाचा," बापू म्हणाला.

वयनींनी ते धागे दगडावर पुसले आणि पुन्हा इंजिनाकडे वळल्या. बापू आणि सगळी माणसं खाली गेली. वर राहिलो धाकू, मी आणि त्या. प्लगाच्या भोकातून त्यांनी तेल ओतलं, इंजिन निवू दिलं, ऊन चढून उतरलं. मग दोरी थोडी ओढायची, सोडायची, थोडी ओढायची. अशा किती वेळा, कोण मोजतो. हळूहळू दट्ट्या सुटला. टाकी धुतली, नवं इंधन गाळून भरलं. फणेरपेटीतला दुसरा आखूड नाकाचा प्लग बसवला. ओरखडे पडले असणार म्हणून त्या दिवसापुरतं तेल खुणेच्या किंचित वर घातलं आणि तसं मला सांगितलं, जणू परवानगी मागत होत्या. बायका आल्या नाहीत. पुढचे सगळे दिवस पाणी वयनींनी, धाकूने आणि शाळेच्या आधी मी चढवलं. दोरी वयनींनीच ओढली. धाकूचा हात पुढे आला तेव्हा म्हणाल्या, "तू ऱ्हव रे. माझा पाप माकाच फेडूंदे."

फळ धरलं. असं धरलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. ऐन चैत्रात देवळात पुन्हा सगळे जमले. मी पायरीवर होतो; मला वाटलं होतं, आता बोलायचं राहिलंच काय.

बापू उभा राहिला. म्हणाला, पंप बसला त्याच संध्याकाळी त्याने राखणदाराला कोंबडा दिला, चूक कबूल केली. म्हणून फळ धरलं. मानकऱ्यांनी माना हलवल्या. बाग राखणदाराने राखली. राखणदाराचा मान बापू बघतो. तेव्हा बाग बापूच्या हाती असावी हेच बरं. वयनींना खायला-ल्यायला बापू देईल. यंत्र त्यांचं त्यांना राहू द्या, कोणाला त्याचं काय करायचंय. सगळं इतक्या सौजन्याने झालं. वयनींना बसायला पाट दिला होता.

घरी आल्यावर त्यांना म्हटलं, कायदा तुमच्या बाजूचा आहे, बायकोला नवऱ्याचा हिस्सा मिळतो, कणकवलीला माझ्या ओळखीचे वकील आहेत. वयनी प्लग पुसत होत्या.

"कोर्टात निकाल लागासर मोहोर थांबतलो?" त्यांनी विचारलं. "तोसर झाडांका कोण बघतलो? दोगय पक्ष तारखांका जातले आणि तुडतुडो खातलो." मग प्लग फणेरपेटीत ठेवत, "झाडांक ठावक आसा, मास्तर. तेवढा पुरे."

मला ते पुरे वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पुढची वर्षं त्या पंप घेऊन लोकांच्या बागांत फिरल्या. धाकू आणि त्याचा भाऊ बांबू खांद्यावर घेऊन पुढे, वयनी मागे, कमरेला कनवटीत प्लग. देवगडपर्यंतचे बागायतदार त्यांना बोलवायचे. जिथे गाऱ्हाणं असेल तिथे त्या आधी टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "देवाक काय व्हया ता द्या. ह्येका नको." कोणी हसलं तर हसू द्यायच्या. दुसऱ्यांची इंजिनं त्या आवाजावरून ओळखायच्या. वाटेने जाता-जाता कोणाच्या बागेत इंजिन वेडंवाकडं वाजलं की गडग्यावरून शिवी जायची, "मेल्या, तेल घाल त्येच्यात, तुझ्या डोक्यार चोपडतस ता!" नीट वाजणाऱ्या इंजिनाला मात्र त्या काही म्हणायच्या नाहीत. क्षणभर थांबायच्या, तेवढंच.

स्वतःच्या बागेत त्या पुन्हा गेल्या नाहीत. वाट वाकडी करून जायच्या.

माझी बदली मालवणला झाली. मध्ये काही वर्षं गेली. मग एका पौषात सुट्टी घेऊन आलो तेव्हा वयनी खूप वाळलेल्या होत्या, पंप धाकूच्या स्वाधीन केला होता, पण प्लग कनवटीतच होता. मला एस.टी.पर्यंत पोचवायला निघाल्या. नको म्हटलं तरी निघाल्या. बोलत बोलत त्या दिवशी कातळावरच्या जुन्या वाटेला लागल्या, ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही.

गडग्यापलीकडे इंजिन चालू होतं. बापूने एव्हाना स्वतःचा पंप घेतला होता. वयनी थांबल्या. मान तिरकी केली. आत कोणीतरी इंजिन बंद केलं, पण ते थांबलं नाही. बंद केल्यावरही गचके देत, आपल्याच तापाने, थोडं चालत राहिलं आणि मग थांबलं.

"लांब नाकाचो बसयल्यानी," वयनी पुटपुटल्या. "मोटरसायकलीचो आसतलो. प्लगच निखारो झालोहा. बंद केला तरी तेच्यावरच पेटता."

मी म्हटलं, मग?

"मगे काय. आज नाय तर उद्या दट्ट्यो बसतलो."

मला वाटलं होतं, आता शिवी जाईल. गेली नाही. त्या कलमांकडे बघत उभ्या होत्या. मोहोर चांगला होता, पण खालची पानं चिकट झाली होती, चकाकत होती. तुडतुडा बसला की तशी होतात. पलीकडे बापूचा आवाज आला, कोणालातरी चहा आणायला सांगत होता. माणसं विहिरीकडे उतरली.

वयनींनी कनवट सोडली. प्लग काढला, पदराने पुसला, पुन्हा पुसला. मग गडग्याला पोट टेकवून वाकल्या आणि कोपऱ्यातल्या राखणदाराच्या दगडावर, जिथे जायची त्यांना आयुष्यभर बंदी होती, तिथे तो ठेवला. मधोमध. जिथे नारळ ठेवतात तिथे.

मी विचारलं, हातात का देत नाही?

"माझ्या हातातलो फेकून देतीत," त्या म्हणाल्या. "त्येच्या हातातलो घेतीत. आणि माका बापूभावजींचे आभार नकोत. कोणाक सांगा नकात."

आम्ही पुढे निघालो, पण वळणावर त्या थांबल्याच. उतारावरून बाग दिसत नव्हती, ऐकू येत होती. माणसं परत आली. थोडा वेळ काहीच नाही. मग एक ओरड, मग गलका, मग बापूचा आवाज चढा आणि ओला झाला : "बा देवा म्हाराजा." आणि सगळ्यांचं एका सुरात, "होय म्हाराजा." नारळ फुटल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ पान्याची खटपट, मग दोरी ओढली गेली आणि इंजिन लागलं.

वयनी मान तिरकी करून ऐकत होत्या. आवाज एकसारखा होता, नाचणी दळली जावी तसा. मग आत कोणीतरी ते बंद करून पाहिलं. ते एका दमात, गचका न देता, थांबलं. आणि पुन्हा सुरू झालं. झाडांवर पाणी पडल्याचा सूं आवाज यायला लागला.

त्यांनी हाताला नसलेलं तेल पदराला पुसलं.

"शिरा पडो त्येंच्या तोंडार," त्या म्हणाल्या. "नारळ माझ्याच माडाचो फोडल्यानी."

आणि माझी पिशवी माझ्या हातातून काढून घेऊन, एस.टी. चुकेल म्हणून मला दटावत, माझ्यापुढे उतार उतरू लागल्या.